वाढत्या अंगाचा कोट

थंडी पडली तशी सुनेने पोरीचे उन्हाळी फ्रॉक पेटीत भरले आणि तळाचा लाल कोट बाहेर काढला. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी तो 'वाढत्या अंगाचा' म्हणून मुद्दाम मोठा घेतला होता. पहिल्या थंडीत तो पोरीला फारच ढगळ झाला. दुसऱ्या-तिसऱ्या थंडीत "कुठे जायचं असलं की घालू" म्हणत सासूबाईंनी तो पेटीतच ठेवला. कोट डांबरगोळ्यांच्या वासात सुखाने झोपला आणि पोरीने तिन्ही हिवाळे विरलेल्या स्वेटरात खोकत काढले.

आज घालून पाहिला, तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच संपल्या. दुकानाची चिठ्ठी अजून कॉलरला लोंबत होती.

"बघ कसा जपलाय! एक डाग नाही," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंनी पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवलेला निळा कोट तिने कपाटातून ओढला, त्याची चिठ्ठी दातांनी तोडली आणि तो पोरीच्या अंगात चढवला.

"अगं, केवढा मोठा होतोय! मळवेल ती!"

सुनेने लोंबत्या बाह्या दोनदा दुमडल्या.

"मळवू दे. कोट जपून झाला, आई. आता जरा पोरीला जपू या."