तीनदा मेलेला जावई

अण्णारावांनी चष्मा कपाळावर ढकलला, टीव्हीला नाक टेकेल इतके पुढे झाले आणि म्हणाले,

“पुन्हा मागं घे.”

सिंधुबाईंनी रिमोट दाबला. पडद्यावरची प्रेतं उलट्या पावलांनी जिना चढून गेली, थांबली आणि पुन्हा खाली यायला लागली. दहा-बारा असतील. अंगात कारखान्यातले निळे कपडे, तोंडाला पीठ फासलेलं, हनुवटीवर बिटाच्या पाण्यासारखं रक्त. सगळ्यात पुढचं प्रेत घसरून आडवं पडलं. त्याच्या मागच्या उंच प्रेताचा पाय त्याच्या खांद्याला लागला. आणि डोळे पांढरे करून गुरगुरत असतानाच त्या उंच प्रेतानं वाकून पडलेल्याच्या खांद्याला हात लावला, तो हात आपल्या छातीला लावला, आणि मग दात विचकून ते पुढे निघालं.

“दिसलं?” सिंधुबाई म्हणाल्या. “पाय लागला म्हणून पाया पडून राहिलं ते. जपानी माणूस असं करतो का कधी?”

तीस वर्षं कंधारच्या कोर्टात बेलिफ म्हणून समन्स घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस, पटकन बोलायची सवय अण्णारावांना नव्हती. त्यांनी चित्र थांबवायला सांगितलं. खिशातून मोबाइल काढला, साखरपुड्याचा फोटो उघडला, होणाऱ्या जावयाचा चेहरा दोन बोटांनी मोठा केला आणि टीव्हीशेजारी धरला. जावयाचा डावा कान उजव्यापेक्षा जरा बाहेर आलेला होता. प्रेताचाही तसाच होता.

“ह्यो दयानंद हाय,” ते म्हणाले.

“मला पैल्या मजल्यावरच शंका आली व्हती,” सिंधुबाई म्हणाल्या. “तिथं टोपी घालून मेला. तिसऱ्या मजल्यावर परत मेला. आन् आता ह्या जिन्यावर मरंल बगा.”

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारच्या जेवणानंतर सिंधुबाईंना हे सिनेमे लागायचे. जपानी, हिंदीत बोलणारे, पोरं मोबाइलवर खेळतात तसल्या खेळांवरून घाईघाईनं काढलेले. त्यात गोष्ट कमी आणि मजले जास्त. एक पोरगी तलवार घेऊन इमारत चढत जाते आणि दर मजल्यावर तीच प्रेतं शर्ट बदलून अंगावर येतात, कारण सिनेमा काढणाऱ्याजवळ जास्तीची माणसं ठेवायला पैसा नसतो. अण्णारावांनी एकदा विचारलं होतं, यात बघण्यासारखं काय आहे? “ह्यात सासू नसती,” एवढंच उत्तर मिळालं होतं.

आता मात्र ते खुर्ची ओढून समोर बसले. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना आनंदच झाला. चार महिने पोटात घेऊन फिरलेला संशय बरोबर निघाला होता. दुसऱ्या क्षणी आठवलं, लग्नाच्या पत्रिका सोमवारी छापायला जायच्या होत्या.

मुखेड तालुक्यात स्थळाची चौकशी करावी तर अण्णारावांनी, असं सगळे म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली होती. मुलाच्या दारात जायचं नाही. गावातल्या न्हाव्याकडे दाढीला बसायचं, पानटपरीवर उभं राहायचं, एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये चहा मागवायचा आणि भलत्याच माणसाबद्दल विचारत विचारत हव्या त्या माणसावर यायचं. किती घरांच्या पोरी त्यांनी अशा वाचवल्या होत्या. स्वतःच्या मुलीची, शिल्पाची, आधीची दोन स्थळंही त्यांनीच मोडली. एक मुलाच्या दारूवरून मोडलं. दुसरा बँकेत अधिकारी म्हणून सांगितलेला मुलगा बँकेबाहेर झाडाखाली बसून लोकांचे फॉर्म भरून देत होता. दोन्ही वेळा शिल्पा “बरं” म्हणून लातूरला नोकरीवर निघून गेली होती. येत्या श्रावणात ती तीस पूर्ण करणार होती.

हे तिसरं स्थळ निलंग्याकडचं. आईवडील नसलेला, चुलत्यानं वाढवलेला मुलगा, जपानमध्ये मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. निलंग्यातल्या चौकशीत सगळं चांगलं निघालं, फक्त जपानात अण्णारावांच्या ओळखीचा न्हावी नव्हता. तिकडच्या नोकरीबद्दल चुलत्याचा शब्द आणि कंपनीचा एक कागद, एवढ्यावर त्यांनी होकार दिला, आणि होकार देऊन आल्यापासून त्यांचं अन्न नीट अंगी लागत नव्हतं.

त्यांनी निलंग्याला चुलत्याला, संगप्पांना फोन लावला.

“काय पाव्हणं, ऊन काय म्हणतंय तिकडं?”

“लई तापलंय. तुमच्याकडं?”

“तेच. बरं, तिकडं जपानात थंडी असंल न्हाई? पोराला रविवारी सुट्टी असती का हो?”

“असती की. काहून?”

“सहज. सुट्टीत काय करतो म्हटलं. नाटक-सिनेमाचा नाद हाय का?”

संगप्पा म्हणाले, “तसलं काही न्हाई त्याला. कंपनीत लई इज्जत हाय त्याची. साहेब लोक नावानं हाका मारतात.”

“चांगलं हाय, चांगलं हाय,” म्हणत अण्णारावांनी फोन ठेवला. चुलता खोटं बोलत नव्हता, हे त्यांना आवाजावरून कळलं. म्हणजे पोरानं चुलत्यालाही फसवलं होतं. त्यांचा राग आणखी वाढला.

“सरळ त्यालाच विचारा की,” सिंधुबाई म्हणाल्या.

“चोराला विचारून चोरी सापडती का?”

फाटक वाजलं. लातूरहून अडीचच्या एसटीनं आलेली शिल्पा चपला काढून, रुमालानं मान पुसत आत आली. पत्रिकेचा मजकूर बघायला तिला बोलावलं होतं. अण्णाराव टीव्ही बंद करायला उठले, पण रिमोट सिंधुबाईंच्या मांडीवर होता आणि त्यांनी तो दिला नाही.

शिल्पानं पिशवी खाली ठेवली. तिची नजर पडद्याकडे गेली. तिथे तो पीठ फासलेला चेहरा तोंड उघडून थांबलेला होता.

ती घाबरली नाही. तिला हसू आलं, आणि ते तिनं रुमालात दाबलं.

“ह्यो जिन्यावरचा का?” ती म्हणाली. “ह्याला चार तास लागले व्हते. गुडघे फुटले.”

अण्णाराव पडद्याकडून तिच्याकडे वळले.

“तुला ठावं व्हतं,” अण्णाराव म्हणाले.

“हाव.”

“कवापासून?”

“पैल्यापासून. कंपनी बंद पडली गेल्या भादव्यात. आता ते जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात जातात, रात्रपाळीला. सुट्टीच्या दिवशी हे. तिथं उंच माणसं लागतात म्हणं. जेवण भेटतं आन् जपानी बोलावं लागत न्हाई.”

“साखरपुड्याच्या आधी बंद पडली?”

“दोन महिने आधी.”

अण्णाराव उभेच होते. आता त्यांचा आवाज चढला. त्यांनी बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात. तोंडावर खोटं बोलला. इंजिनिअर म्हणून पेढा भरवून घेतला. सगळ्या तालुक्यासमोर आपली अब्रू गेली असती. देवानंच हा सिनेमा दाखवला. आता हा फोन, आणि आत्ताच्या आत्ता नकार. शिल्पा भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या हातातल्या रुमालाची घट्ट गुंडाळी झाली होती.

“आन् तू! तुलाबी वाटलं न्हाई बापाला सांगावं?”

“तुमी विचारलं न्हाई, अप्पा.”

“म्हंजे?”

“सगळ्यांना विचारलं. त्यांच्या गल्लीतल्या न्हाव्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, कालिजातल्या शिपायाला विचारलं. मला न्हाई विचारलं. ह्याबी वेळी न्हाई, आन् त्या दोन वेळीबी न्हाई.”

“तुला काय विचारायचं? खोटं बोलणारा माणूस—”

“अप्पा,” ती मध्येच म्हणाली. ती कधी मध्ये बोलत नसे. “माझ्या नोकरीचं त्यांच्या चुलत्याला तुमी काय सांगितलं?”

अण्णारावांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या.

“लातूरला लॅबमधी हाय म्हणून सांगितलं.”

“आजून?”

सिंधुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नजर खाली घेतली.

“कायम हाय म्हणून सांगितलं,” ते म्हणाले. “आज न्हाई उद्या होईल की कायम.”

“अकरा महिन्यांची ऑर्डर हाय. वैशाखात संपती. परत मिळंल का न्हाई, साहेबांनाबी माहीत न्हाई.” शिल्पा बोलतच राहिली. “मी पैल्याच फोनवर सांगितलं त्यांना. म्हटलं, आमच्या वडिलांनी जास्तीचं सांगितलंय. तवा त्यांनी त्यांचं सांगितलं. रडले व्हते. मग म्हणले, चुलत्याला तुझं सांगू नको, तुझ्या वडिलांचा शब्द खाली पडंल. वयस्कर माणूस हाय, सगळे इज्जत करतात.”

अण्णाराव खुर्चीत बसले. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांनी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिली होती. समन्स हातात दिल्यावर माणसं आधी कागद बघायची आणि मग घरातल्यांकडे. त्यांनी घरातल्यांकडे पाहिलं नाही. दोघांनी मिळून आपल्याला सांभाळून घेतलं, चार महिने, आणि आपल्याला पत्ता नाही, हेच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

फोन वाजला. संगप्पांचा होता.

अण्णारावांनी तो वाजू दिला. मग उचलला.

“पाव्हणं,” संगप्पा म्हणाले, “मघापासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. तुमी सहज विचारणारे माणूस न्हाईत. सगळ्यांना ठावं हाय ते. काय निघालं चौकशीत? पोरगं काही करून राहिलं का तिकडं? असंल ते सांगा. माझ्या भावाचं लेकरू हाय, पण तुमच्या पोरीचं वाटोळं मला नको.”

अण्णारावांनी टीव्हीकडे पाहिलं. मग शिल्पाकडे. ती हात जोडत नव्हती, काही खुणावतही नव्हती. रुमाल धरून नुसती उभी होती.

“निघालं, पाव्हणं,” ते म्हणाले. “माझंच निघालं. पोरीची नोकरी कायम हाय म्हणून मी तुमाला सांगितलं. ते खोटं व्हतं. अकरा महिन्यांची हाय. आन् ती पण आता संपायला आली.”



“आन् पोराचं?” संगप्पांनी विचारलं.

“पोराचं काही न्हाई,” अण्णाराव म्हणाले. “मी पक्की चौकशी केली. पोरगं चांगलं हाय.”

सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला. आजवर अण्णारावांनी चौकशी करून दिलेला निर्वाळा कधी काही झाकून ठेवलेला नसायचा.

फोनमध्ये संगप्पा बायकोशी कानडीत बोलायला लागले. बोलणं लांबलं. एकदा आवाज चढला, मग उतरला. अण्णारावांना कानडी बऱ्यापैकी कळत असे, पण त्यांनी फोन कानापासून दूर धरला. थोड्या वेळानं तिकडून बाईचा आवाज आला म्हणून त्यांनी तो पुन्हा कानाला लावला.

“अण्णाराव, मी दानम्मा बोलते. पोरगी हाय का तिथं? तिला द्या फोन. मला तिच्याशी बोलायचं हाय. तुमी नका मधी बोलू.”

त्यांनी फोन शिल्पाच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कानाला लावायच्या आधी बापाकडे पाहिलं. काय सांगायचं, काय झाकायचं, ते तिला सांगावंसं त्यांना फार वाटलं. पण ते अंगणात गेले आणि मागे दार ओढून घेतलं.

दार जुनं होतं. आतला आवाज बाहेर येत होता. “हाव, आत्या,” शिल्पा म्हणत होती, “मी सांगते सगळं.”

टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली होती. अण्णारावांनी बोअरच्या मोटारीचं बटण दाबलं, आणि तिच्या घरघरीला अगदी लागून, दाराकडे पाठ करून उभे राहिले.