उजेड होता, ऊन नव्हतं

मित्रांनो, मी एका कासवाच्या पेटीवरचा जुना दिवा आहे. स्वतःविषयी बोलायला मला संकोच वाटतो. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तुम्हाला वेळेवर कळावी, एवढ्यासाठी बोलतो.

कारखान्यात माझ्यात उजेडाबरोबर आणखीही काहीतरी भरलं होतं, डोळ्यांना न दिसणारं. ते काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या आत्यांनी मला आणलं आणि त्यांच्या भाचीच्या कासवाच्या, ठोंब्याच्या, डोक्यावर टांगलं. आत्या मला रोज पुसायच्या. "तीन वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही हो!" असं आल्यागेल्याला सांगायच्या. मी फुशारून जायचो.

मग ठोंब्यानं खाणं सोडलं. त्याचे पाय लटपटू लागले.

पहिले डॉक्टर म्हणाले, "कुत्रं असतं तर लगेच सांगितलं असतं," आणि कुत्र्याचंच टॉनिक दिलं. दुसरे हसले. "कासव सुस्तच असणार! सशासारखं पळायला हवंय का तुम्हाला?"

भाची घरी येऊन रडली. "आत्या, हा जाईल गं!"

"रडून डॉक्टर सापडत नाही. फोन घे," आत्या म्हणाल्या.

भाचीनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आधी कासव तपासलंय का?" पाच जणांनी टोलवाटोलवी केली. सहाव्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तपासलंय. येताना पेटी आहे तशी आणा. दिव्यासकट."

दिव्यासकट! आजारपणाशी माझा काय संबंध? मला काही कळेना.

बाईंनी ठोंब्याला तोलून पाहिलं, कवच हलकेच दाबलं. ते मऊ लागलं. मग माझ्याखाली एक छोटं यंत्र धरलं. आकडा शून्याजवळच घुटमळत राहिला.

"हा कधीचा?"

"तीन वर्षांचा! अजून ठणठणीत आहे," आत्या अभिमानानं म्हणाल्या.

"तिथंच फसलात. उजेड आहे, पण उन्हातले अतिनील किरण याच्यातून केव्हाच संपलेत. त्यांच्याशिवाय कासवाची हाडं आणि कवच मऊ पडतं. असा दिवा चालू असतानाच बदलायचा असतो."

आत्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं कौतुक ऐकत मी ज्याची राखण केली, तो माझ्याखालीच झिजत होता.

"वाचेल ना?" भाचीनं विचारलं.

"वाचेल असं वाटतंय. पण कवच पूर्वीसारखं होईल का, ते आज नाही सांगता येणार."

औषध सुरू झालं, माझ्या जागी नवा दिवा आला. त्याच्या वायरीला आत्यांनी तारखेची चिंधी शिवली. एकविसाव्या दिवशी ठोंब्यानं पानाचा एक घास तोडला. मी तो कपाटातून ऐकला.

मित्रांनो, मुक्या जिवासाठी डॉक्टर शोधताना लाजू नका, विचारा. आणि जो डॉक्टर प्राण्याआधी त्याच्या घराची चौकशी करतो, त्याचा पत्ता जपून ठेवा.