नाण्यावरच्या पोरीचे पाय

आमच्या गर्न्सी बेटावर पाच वर्षं जर्मन ठाण मांडून बसले होते. ते गेले त्याच्या पन्नासाव्या वर्षी एक चांदीचं नाणं निघालं: धक्क्यावर उतरलेला इंग्रज शिपाई आणि हात पसरून त्याच्याकडे धावणारी पोरगी. घरटी एकेक घेतलं गेलं, पण बंद पारदर्शक डबीतलं. डबी उघडली की नाण्याची पत गेली, हे आमच्याकडे पाळण्यातलं मूलही जाणतं. त्यामुळे डबीच्या कडेखाली गेलेले त्या पोरीचे पाय बेटावर कुणीच पाहिले नव्हते. खोटं वाटत असेल तर येऊन विचारा, बोट रोज सुटते.

ती पोरगी म्हणजे मीच, असं अडेल ब्रेहॉट सांगायची. मासळीबाजारातली हिल्डा म्हणायची, हट्, ती मी, मला काळे बूट होते. अडेलची नजर विझत चालली, तेव्हा ती मला ओढत सिरिल टोरोडकडे घेऊन गेली. सिरिल युद्धाची नाणी जमवतो. बायकोला जपलं नसेल इतकं नाण्यांना जपतो.

अडेलचं म्हणणं सरळ होतं. तिच्या लाकडी बुटाचा तळ फुटला होता, आईनं तो दोरीनं बांधला होता. नाण्यावर डाव्या पायाला दोरी दिसली, तर ती खरी.

सिरिलनं डबी खिडकीत धरून तिरपी केली, उलटी केली. काही दिसेना.

"मावशी, उघडली तर माझा अख्खा संच बाटला."

"आणि माझे डोळे गेल्यावर उघडून काय करू? चाटून बघू?"

खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. मीच सुरी पुढे केली.

डबी उकलली. सिरिलनं भिंगाला डोळा लावला.

"अनवाणी आहे," तो म्हणाला.

मी अडेलकडे बघायचं टाळलं. तिनं मात्र नाणं हातात घेतलं, भिंगाखाली नाक टेकेस्तोवर वाकली.

"असणारच. ऐन वेळी दोरी तुटली, बूट टाकून पळाले. नाहीतर शिपायाचं चॉकलेट हिल्डानं खाल्लं असतं."

आणि तिनं त्या पायांवरून प्रेमानं अंगठा फिरवला. नाण्याला बोट! सिरिलनं पुसायला फडकं उचललं, मग ठेवून दिलं.

थाप मला वासावरून कळते. त्या दिवशी कळली नाही. अंगठ्याचा तो ठसा आता काळा पडलाय, आणि सिरिल पाहुण्यांना आधी तोच दाखवतो.

दुसऱ्याच दिवशी सिरिलच्या दारात हिल्डा उभी होती, अंगठा एप्रनला पुसत.