टिंबताईचा ग्रह

टिंब आहे की माशीची घाण — कागद खिडकीशी धरून तिनं नखानं खरवडून पाहिलं. टिंबच होतं. शून्य दशांश शून्य आठ. पाण्याची घनता एक धरली तर या ग्रहाची एवढीच... आणि आकारानं गुरूहून मोठा! नऊ दिवसांनी एकदा तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा उजेड चांगलाच उणावतो, त्यावरून आकार. त्याच्या ओढीनं तारा जेमतेम हलतो, त्यावरून वजन. वायूचा नुसता फुगलेला गोळा. खोटंच वाटावं असा — आणि मागच्या वर्षी तिचा असाच एक ग्रह खोटा निघाला होता. तिच्या गणितात दशांश चिन्ह एक घर सरकलं, शोध जाहीर झाला, आठवड्यात मागे घ्यावा लागला. तेव्हापासून वेधशाळेत सगळे तिला टिंबताई म्हणतात. हसून म्हणतात, त्यामुळे रागावताही येत नाही. आज पुन्हा चुकलं तर मला इथे कोणी हिंग लावून विचारणार नाही.

म्हणून सकाळीच तिनं नुसती मोजमापं अण्णांच्या टेबलावर ठेवली, उत्तर लपवून. अण्णा वेधशाळेतले सगळ्यांत जुने, निवृत्तीला आलेले, अजून पेन्सिलीनं गणित करणारे.

दुपारी आईचा फोन आला. जेवलीस का, वगैरे झालं आणि तिनं न राहवून सांगून टाकलं.

"एवढा मोठा, आणि वजन नाही?" आई म्हणाली. "म्हणजे तुझ्या काकासारखा. दिसायला धिप्पाड, आत नुसती हवा."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. काका... खांद्यावर बसवून ताऱ्यांची नावं सांगायचे, निम्मी चुकीची, पण अडखळायचे म्हणून नाहीत — मी आधी त्या चुकीच्या नावांनाच जीव लावला, खरी नावं मागाहून आली.

चार वाजता अण्णा दारात उभे.

"शून्य दशांश शून्य आठ. तीनदा केलं. तुझं किती?"

तिनं कागद पुढे केला. अण्णांनी चष्मा वर सारून वाचला आणि ते खुर्ची ओढून बसले.

"बरोबर आहे की गं पोरी! पण हा इतका फुगला कशानं?"

"माहीत नाही."

वर्षभर हे दोन शब्द तिनं गिळले होते. कुणी काही विचारलं की आधी सावरासावर, मग सबबी. आता ते सहज बाहेर पडले, आणि काय मोकळं वाटलं!

"माहीत नाही, अण्णा!" ती पुन्हा म्हणाली, उगाचच, मोठ्यानं... आणि त्यांनी आणखी एकदा विचारावं असं तिला फार वाटलं.