काविळीची माळ

बटन भोकापर्यंत येत होतं आणि तिथून परतत होतं... वरून दुसरं, पांढरं, शर्ट नवा म्हणून जरा ताठ, बाकी त्यात अवघड काहीच नव्हतं. अंगठ्याने ढकलायचं, एवढंच. पण अंगठ्याला ते सांगायचं कोणी? वासुदेवराव आरशासमोर नुसते उभे होते. चार दिवस हे असंच चाललं होतं. ब्रश हातात धरून थांबायचं, एक पाय चपलेत घालून थांबायचं. सहा वर्षांपूर्वी सुरुवात अशीच झाली होती, अगदी अशीच, आणि ते ओळखू आल्यापासून भीती हटत नव्हती.

"अहो, झालं नाई का अजून? प्रफुल सरांचा दोनदा फोन आला." कौशल्याबाई आल्या आणि न विचारता त्यांनी बटन लावून दिलं. "नवरदेवावानी दिसून राह्यले आज!"

ते हसले. हसता येत होतं, हेच तर वाईट. हसता येतं तोवर कोणाला काही कळत नाही.

ऑटोत शेजारच्या लीलाबाईही होत्या, मांडीवर हारांची पिशवी घेऊन. पुलगावच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, आज निरोप. सत्काराला उत्तर द्यायचं होतं, म्हणजे घरच्यांचे आणि सहकाऱ्यांचे आभार. अशी भाषणं त्यांनी ढिगाने ऐकली होती. 'आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही, तुमच्या ऋणातच राहीन.' सगळे हेच म्हणतात, टाळ्या पडतात, आणि कशाबद्दल आभार ते कोणालाच सांगावं लागत नाही. किती सोयीचं! पण मला कशाबद्दल तेच सांगायचं होतं... आणि तेच सांगायची सोय नव्हती.

शाळेमागची विहीर. भर दुपार, मुलं वर्गात. ते काठावर वाकलेले असताना कैलास शिपायाने मागून येऊन त्यांचा दंड धरला होता. ओरडला नाही, विचारलं नाही. "चला सर, च्या पिऊ," एवढंच म्हणाला आणि चहा संपेपर्यंत त्याने दंड सोडला नव्हता. प्रफुल गणिताचा. संध्याकाळी तो मुख्याध्यापकांना सांगून आला की वासुदेव सरांना कावीळ झालीय, दोन महिने तरी उठायचे नाहीत. का कावीळ? त्याला त्या घटकेला तेवढंच सुचलं असेल. पण एकदा कावीळ म्हटल्यावर ती पुरी करायला हवी होती, आणि कौशल्येने ती पुरी केली! सात आठवडे घरात फोडणी नाही, हळद नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वयंपाकघरातून वास येऊ नये म्हणून तीही तेच फिकं वरण खायची. प्रफुल आपले तास घेऊन वर माझे तास घ्यायचा, मोसमी वारे शिकवायचा बिचारा, आणि दर पंधरवड्याला मला नागपूरला घेऊन जायचा. कावीळ ज्याला समजत नाही अशा, मनाच्या डॉक्टरकडे. गोळ्या पिठाच्या डब्यामागे राहत.

आणि लीलाबाई. साऱ्या गल्लीने ते खरं मानलं, त्यांनी तर जरा जास्तच. वडनेरहून कोणा जाणकाराकडून काविळीची माळ घेऊन आल्या, काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेली. कावीळ उतरेल तशी माळ लांबते म्हणे. माळ खरंच लांबायला लागली! काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, दुसरं काय. पण लीलाबाई रोज येऊन पाहायच्या. "छातीपर्यंत आली न भाऊ. बेंबीपर्यंत आली की तुमी मोकळे." माळ उतरत होती, मी होतो तिथेच होतो. लाज वाटायची. ह्या भोळ्या बाईलाही आपण फसवतोय...

त्या सगळ्यांनी मिळून त्यांना वर काढलं होतं. आणि त्यांनी काय केलं? यंदा दिवाळीनंतर गोळ्या बंद केल्या. कोणाला न सांगता. आता बरा आहे, म्हणून! आता कुठल्या तोंडाने म्हणायचं, की ते परत आलंय? उद्यापासून शाळा नाही, कैलास नाही, दुपारच्या सुट्टीतला प्रफुल नाही. सगळे एका छताखाली असण्याचा हा शेवटचा दिवस. आज नाही बोललो तर मी बोलणार नाही. मला मी माहीत आहे.

शाल, नारळ. कौशल्याबाईंची ओटी. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काविळीची ती एक रजा सोडली, तर सरांनी तेहतीस वर्षांत..." प्रफुलने मान खाली घातली. पाण्याचा ट्रे घेऊन आलेला कैलास दारातच थबकला. सगळे आपल्यासाठी श्वास धरून बसले आहेत, वासुदेवरावांना वाटलं, आणि त्यांना सगळ्यांची दया आली, स्वतःचीही.

ते माईकपाशी गेले. "आदरणीय व्यासपीठ..." ठरलेली वाक्यं आपोआप येत होती. ऋणात राहीन इथपर्यंत ती आली, लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"मला कावीळ झाली नव्हती," ते म्हणाले.

कोणी दचकलं नाही. मुख्याध्यापिकाही नाही. मग तिसऱ्या रांगेतून लीलाबाईंचा आवाज आला, घरात बोलतात तसाच. "मालूम हाय न भाऊ. बोला तुमी."

त्यांना आधी राग आला. सहा वर्षं! सहा वर्षं एवढं जपून ठेवलेलं, आणि ह्या बाईला माहीत, सगळ्यांना माहीत... म्हणजे लपलेलो मी एकटाच होतो. मग राग ओसरला आणि समोरचे चेहरे धूसर झाले. शेजारच्या खुर्चीवर कौशल्येच्या बांगड्या वाजल्या. ती उठू पाहत होती.

आता पुढचं वाक्य. ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं, तिलासुद्धा नाही. मी माईकचा दांडा धरून उभा होतो. भीती सकाळी होती तेवढीच होती, वाक्य ओठाशी येऊन अडलं होतं... पण चार दिवसांत पहिल्यांदा मला खाली बसावंसं वाटत नव्हतं.