सांध्याची कॉर्क

वाकोल्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दत्तारामच्या दारात हरेश्वर आला, तेव्हा दोघांमधलं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. पुढचे दात पडून क्लॅरिनेट फुंकता येईना, तेव्हा दत्तारामला बँडमधून काढलं ते ह्यानंच, आणि त्याची जागाही ह्यानंच घेतली.

हरेश्वरनं लाकडी क्लॅरिनेट पुढे ठेवलं. दोन तुकडे जोडतात त्या सांध्यावरची कॉर्कची पट्टी झिजली होती, म्हणून त्यानं वर दोरा आवळला होता.

“गाढवालासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त अक्कल असेल,” दत्ताराम म्हणाला.

“शिकवू नकोस. पट्टी बसव. उद्या लग्नात वाजवायचंय.”

दत्तारामनं दोरा कापला, जुनी कॉर्क खरवडली, नवी चिकटवली आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासायला घेतली. पट्टी जाडच ठेवली, तर जोर लावताच लाकूड तडकेल आणि उद्याच्या लग्नात ह्याची वाट लागेल. तेवढ्यात त्याचा हात थांबला. पण क्लॅरिनेटनं त्याचं काय बिघडवलं होतं? सांधा अलगद सरकेपर्यंत तो घासत राहिला.

हरेश्वरनं दोनदा जोडून पाहिलं आणि तो उठला.

“पुन्हा इथे येऊ नकोस.”

“दुसरा कोणी असता, तर आज तरी आलो असतो का?”

दत्तारामनं त्याच्या तोंडावर दार लावलं.