नमुन्याची खोली

त्या खोलीच्या नळाला पाणी नव्हतं, कारण भिंतीमागे पाइपच नव्हता. दिव्याचं बटण नुसतंच खालीवर व्हायचं. सगळा दिखावा! फूटपाथवर झोपणाऱ्यांना स्वस्तात घरं बांधून देणार होते ना, त्यातल्या एका घराचा हा नमुना, रिकाम्या मैदानात एकटाच उभा.

इस्त्रीवालीला मात्र ती खोली पहिल्या दिवसापासून आपलीच वाटायची. मैदानासमोर तिची इस्त्रीची हातगाडी, आणि गाडीखाली तिचा न् सासूचा बिछाना. हवालदार रोज सकाळी काठीने गाडी बडवून दोघींना उठवायचा. उद्‌घाटनाला घरांच्या योजनेच्या मोठ्या साहेबांनी सासूलाच फीत कापायला लावली, फोटो काढले. म्हणाले, "आजी, थंडीच्या आत किल्ली तुमच्या हातात." सासूचा खोकला असा बळावला होता, की आणखी एक हिवाळा उघड्यावर तिने काढलाच नसता. सुनेला हे पक्कं ठाऊक होतं.

मग काय, नमुन्याचेच चोचले सुरू झाले. नमुना बघायला आलेल्या एका पाहुण्याला फरशी आवडली नाही, उखडली. दुसऱ्याला दार अरुंद वाटलं, भिंत फोडली, सुताराने नवं दार बसवलं. पुढच्याला रंगच उदास वाटला. दर खेपेला मांडव, खुर्च्या, हारतुरे आहेतच.

"घर कुणाचं बांधताय रे, आमचं की पाहुण्यांचं?" सासू विचारायची आणि खोकत सुटायची.

शेवटी थंडीच्या तोंडावर साहेबांनी हात वर केले. गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाले, "काय आहे बाई, घरांचा खर्च आवाक्याबाहेर गेलाय. सगळं रद्द. ही खोलीही उद्या पाडतोय."

"खर्च वाढवला कुणी? आम्ही?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

इस्त्रीवालीच्या डोक्यात तिडीक गेली. कळायचं नाही म्हणे! म्हातारीला फोटोपुरती उभी केली आणि आता तोंडाला पानं पुसली. मेल्यांनो, कुठे फेडाल ही पापं? ती गाडीमागे ओरडत धावली, पण काच वर गेली होती.

सकाळी पाडायला माणसं आली, तर खोलीचं दार उघडेना. आतून कडी! सुतार पडला जुन्या वळणाचा. दाराला कडी बसवून ती आतून नीट लागते की नाही हे बघितल्याशिवाय त्याला काम झाल्यासारखं वाटत नसे. दाखवण्यापुरतं काम त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

साहेब धावत आले. "काय तमाशा आहे हा? काढा बाहेर त्यांना!"

हवालदाराने सवयीने काठी उगारली. पण समोर हातगाडी नव्हती, चांगलं बंद दार होतं. तो घुटमळला, काठी काखेत मारली आणि बोटांनी हळूच टकटक केली.

आत सासू दचकून उठली. "अगं, पसारा आवर, आला मेला!"

सून जागची हलली नाही. तिच्या उभ्या जन्मात कुणी दार वाजवून तिला हाक मारली नव्हती. तिने सासूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"कोण आहे?" तिने खड्या आवाजात विचारलं. "काय काम आहे ते बाहेरूनच बोला. आमच्या घरात आजारी माणूस आहे."